पुढचं वाचायचं असेल तर पैसे भरा

डॉक्टर, तुमच्या नावानं अजून मेल येतात. सुनंदावहिनी ते माझ्याकडं पाठवतात आणि खाली लिहितात, "ताई, यास्नी कळवा की, आमचं मालक गेलं म्हणून." मी एकाला कळवलं. हृदयरोगावरचं जागतिक दर्जाचं खुलं नियतकालिक, असं स्वतःला म्हणवणारं ते होतं. तुम्हाला 'थोर संशोधक प्राध्यापक' असं संबोधून आमंत्रण आलं होतं. लेख पाठवा, फी भरा, लगेच छापून देतो. मी एका ओळीत उत्तर लिहिलं की डॉक्टरांचं निधन झालं आहे, कृपया आता मेल पाठवू नयेत. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर. तत्पर प्रतिसादाबद्दल त्यांनी तुमचे आभार मानले होते आणि लेख सोमवारपर्यंत पाठवण्याची विनंती केली होती.

वहिनींना मी ते दाखवलं नाही. तुम्ही असता तर हसला असता. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत म्हणाला असता, "बघा ताई, मेलेल्या माणसाचा लेख घ्यायला ही तयार हायती. आन जित्या माणसानं खरा लेख आणला तर..." आणि वाक्य तिथंच सोडून दिलं असतं. वाक्यं अर्धी सोडायची तुमची सवयच होती.

मला हसू आलं नाही. तुम्ही गेल्यापासून मला दुःखापेक्षा राग जास्त येतो. घरातले म्हणतात, एकदा रडून घे, बरं वाटेल. मला रडायचं नाही, भांडायचं आहे. आणि ज्यांच्यासमोर बसून मी माझं भांडण तपासून घ्यायची, ते तुम्हीच नाही.

सांगलीत आमच्या मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा दुपार होती आणि मी डबा उघडला होता. हातात एक छापील कागद. "मी आटपाडीचा. दवाखाना हाय माझा. एवढ्या लेखाचं पुढचं पायजे मला." मी कागद पाहिला. गर्भवती स्त्रियांच्या हृदयाच्या झडपेवरचा लेख होता, म्हणजे त्याचा नुसता सारांश. खाली नेहमीची पाटी: पूर्ण लेख वाचायचा असेल तर पैसे भरा. मी म्हटलं, जेवण झाल्यावर बघते. तुम्ही म्हणालात, "जेवा की. पोरगी तिकडं बसून झोपतीया रोज. आडवं व्हता येत न्हाई तिला."

मी डबा झाकला.

ती हौसा. मेंढपाळाच्या घरची सून, पोटुशी. लहानपणी घसा धरून ताप आला होता, सांधे सुजले होते, आपोआप बरे झाले म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं. त्या तापानं आतल्या आत झडप आवळून टाकली होती. गरोदरपणात रक्त वाढलं आणि त्या आवळलेल्या दारातून ते जाईना, मग फुफ्फुसात पाणी. हे सगळं तुम्ही मला नंतर समजावून सांगितलंत. त्या दिवशी फक्त कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलंत. 'निवडक रुग्णांत केवळ औषधांवर बाळंतपणापर्यंत निभावून नेता येते.'

"निवडक म्हंजी कोन? तेवढंच तर पायजे मला. आन तेवढंच आत कोंडून ठेवलंय."

आमच्या कॉलेजची वर्गणी होती, म्हणून माझ्या संगणकावर लेख उघडला. तुम्ही उभ्यानंच वाचायला लागलात. मधल्या एका पानावर थांबलात. तिथं लिहिलं होतं की निवडक म्हणजे मोठ्या रुग्णालयाजवळ राहणाऱ्या, दर आठवड्याला तपासणीला येणाऱ्या, बिघडलं तर लगेच दाखल होऊ शकणाऱ्या स्त्रिया. एवढी सगळी माहिती, आणि सारांशात तिचा एकच शब्द केलेला.

तुम्ही व्हरांड्यात जाऊन हौसाच्या सासूला फोन केलात. मी दारातच उभी होते, मला ऐकू येत होतं. पलीकडून त्या काहीतरी अडवत होत्या, कारण तुम्ही म्हणालात, "व्हय मावशी. औषधावर भागंल म्हणलो व्हतो. आर्धंच वाचून म्हणलो व्हतो. आता सगळं वाचलंय. तिला आजच सांगलीला आणा. मी हितंच थांबतो."

फोन ठेवल्यावर तुम्ही भिंतीला टेकलात. "ही मेंढरामागं फिरणारी माणसं, ताई. आज हितं, परवा कुठं. आन मी हिला औषधं देऊन वाटंला लावणार व्हतो."

हौसाची झडप नळीतून आत घातलेल्या फुग्यानं रुंद केली. दिवस भरल्यावर मुलगी झाली. ती मुलगी आता शाळेत जाते, हे मी लिहिते आहे कारण मला ते लिहिताना बरं वाटतं. पण त्याच वेळी माझ्या मनात दुसरी एक हौसा असते, जिच्या डॉक्टरला सांगलीची एसटी मिळाली नाही, ज्यानं सारांशावर विश्वास ठेवला आणि औषधं लिहून दिली. तिच्याबद्दल कुठं काही छापून येत नाही.

तुम्ही मला तेव्हा विचारलं होतं, हे कुलूप कुणाचं? मला नोकरीत इतकी वर्षं झाली होती, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले आणि सांगताना मलाच लाज वाटत गेली. लेख लिहिणारे डॉक्टर, त्यांना नियतकालिक एक पैसा देत नाही. लेख तपासणारे डॉक्टर, तेही फुकट. आमच्याच कॉलेजातले दोघे-तिघे सुट्टीच्या दिवशी बसून ते काम करतात. रुग्ण तर रुग्णच, त्यांनी आपली छाती उघडून दाखवलेली. बहुतेक वेळा पैसा सरकारचा, म्हणजे लोकांचा. आणि हे सगळं तयार झालं की एक कंपनी त्यावर आपलं नाव घालते आणि आम्हालाच विकते. दरवर्षी वाढवून. आमचं माहेर कराडकडं, ऊसवाल्यांचं. मी तुम्हाला म्हटलं, "ऊस घालणाऱ्या सभासदाला कारखाना निदान सवलतीची साखर तरी देतो. इथं तेही नाही."

तुम्ही म्हणालात, "मग संप कुणी का करत न्हाई?"



त्यानंतर मी तुम्हाला लेख मेलवर पाठवायला लागले. बेकायदा होतं हे मला माहीत होतं. वर्ष-दीड वर्ष चाललं, मग त्या कंपनीच्या यंत्रणेनं ते पकडलं आणि मला कॉलेजच्या कार्यालयात बोलावणं आलं. साहेब वाईट नव्हते. खुर्चीवर बसा म्हणाले, चहा मागवला, आणि लेखी ताकीद हातात दिली. "बाई, आपण भाडेकरू आहोत. घर त्यांचं. पाहुणा बसवून वाचू दिलेला चालतो, डबा बांधून दिलेला चालत नाही. उद्या त्यांनी सगळं बंद केलं तर विद्यार्थ्यांना काय सांगू?"

मी तुम्हाला फोनवर हे सांगताना माझा आवाज चढला होता. तुमचा नाही. "तुमची नोकरी माझ्यापायी जायला नको. पाहुणा बसवून चालतंय न्हवं? मी येत जातो."

आणि तुम्ही येत गेलात. दवाखान्याच्या सुट्टीला आटपाडीहून एसटीनं, पिशवीत डाळिंबं घेऊन. खिडकीजवळच्या टेबलाशी बसून वाचायचात. वाचता वाचता मधेच म्हणायचात, "ताई, ह्यो माणूस खरं लिहितोय," किंवा "ह्यानं पेशंट बघितल्यालाच न्हाई." त्या दुपारी माझ्या नोकरीतल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. ग्रंथपालाला वाचणारा माणूस क्वचित मिळतो हो. आमच्याकडं परीक्षेपुरतं वाचणारे पुष्कळ. एका माणसाच्या श्वासासाठी वाचणारे तुम्हीच होतात.

पण त्या सुखाचाही मला राग येतो. कारण एका तालुक्याच्या डॉक्टरनं सुट्टी आणि प्रवास खर्चून चार पानं वाचायला यावं, ही कौतुक करण्यासारखी गोष्ट नाही. शोकसभेत तिचं कौतुक झालं. 'ज्ञानाची तहान' वगैरे. तहान लागली होती हे खरं, पण पाणी कुणी अडवलं होतं ते कुणी बोललं नाही.

मग तुमचं स्वतःचं काम. त्याला तुम्ही काम म्हणत नव्हता. हौसाला आला होता तसा ताप, ऱ्हुमॅटिक ताप, येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं, वर्षानुवर्षं, म्हणजे ताप परत येत नाही आणि झडप आणखी बिघडत नाही. औषध जुनं, साधं. पण तुमच्याकडची मेंढरं दिवाळीनंतर पश्चिमेला निघतात. कराडच्या उसाच्या पट्ट्यात शेतात बसतात, पाटण-कोयनानगरच्या अंगानं घाटातून खाली कोकणात उतरतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात त्या मुलांची इंजेक्शनं कोण देणार? इतरांनी लिहून टाकलं होतं, 'रुग्ण पाठपुराव्यास उपलब्ध नाही.'

तुम्ही म्हणालात, उपलब्ध हाय की. मोबाईल हाय त्याच्याकडं.

सुनंदावहिनी फोन करायच्या. वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, कुठं उतरलाय, पुढं कुठं जाणार, जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, आणि मग त्या केंद्रातल्या सिस्टरला फोन, की अमक्या गावच्या माळावर मेंढरं बसलीत, त्यात एक मुलगा आहे, त्याची सुई परवा आहे. कुठल्या आजीनं नातवाला पाठवायला खळखळ केली की वहिनी तिच्याशी भांडायच्या. काही वर्षं हे असं चाललं. एके दिवशी तुम्ही माझ्या टेबलाशी बसून नुसतं बोलता बोलता सांगितलंत की फिरस्तीवर असताना सुया चुकण्याचं प्रमाण आता गावात राहणाऱ्या मुलांपेक्षा जास्त नाही. असं कुठं छापलेलं मी पाहिलं नव्हतं. तुम्हाला म्हटलं, हे लिहा. तुम्ही म्हणालात, मला कुठं लिवता येतंय. मी म्हटलं, इंग्रजी माझ्यावर सोडा.

आपण लिहिलं. लेखक दोन: तुम्ही आणि सुनंदावहिनी. माझं नाव मी घालू दिलं नाही, कारण मी फक्त वाक्यं सरळ केली होती. 'सोपं लिवा ताई, उपकेंद्रातल्या सिस्टरला कळलं पायजे,' असं तुम्ही म्हणायचात, आणि मी म्हणायची की सिस्टरला हे नियतकालिक दिसणारच नाही, तर तिला कळायचा प्रश्न कुठं आला. तुम्ही म्हणायचात, मग मराठीतबी लिवा, सोबत जोडा. मी म्हणायची, असं कुणी करत नाही. हे भांडण आपलं शेवटपर्यंत चाललं.

पहिल्या नियतकालिकानं लेख घेतला. मोठं नाव. मी पेढे आणले. मग करार वाचला: लेख त्यांच्या मालकीचा, पैसे भरणाऱ्यांनाच खुला, सगळ्यांसाठी उघडा हवा असेल तर लेखकानं रक्कम भरावी. तुम्ही कागद खाली ठेवलात. "म्हंजी ह्यो लेख मलाबी वाचता येणार न्हाई. हितं यावं लागंल, तुमच्या टेबलाला."

तुम्ही लेख परत घेतलात. पेढे तसेच उरले, ते मी विद्यार्थ्यांना वाटून टाकले.

मग आपण खुल्या नियतकालिकांकडं वळलो. कुणालाही, कुठूनही, फुकट वाचता येईल, असं त्यांचं ब्रीद. तुम्ही खुश होतात. मी नव्हते, कारण मला तळटीप माहीत होती. तिथं वाचणाऱ्यानं पैसे भरायचे नसतात, लिहिणाऱ्यानं भरायचे असतात, आणि ती रक्कम ऐकून तुम्ही मला ती पुन्हा सांगायला लावलीत. मी तेव्हा म्हटलं होतं, त्यांनी कुलूप काढलेलं नाही. वाचणाऱ्याच्या दारावरचं काढून लिहिणाऱ्याच्या दारावर लावलंय. माफीसाठी अर्ज करता येतो. आपण केला. उत्तर आलं की सवलत गरीब देशांतल्या लेखकांना आहे, आणि आपला देश त्या यादीत नाही.

तुम्ही ते उत्तर पुन्हा एकदा वाचलंत. "बरुबर हाय त्यांचं. देश गरीब न्हाई. दवाखान्यात येणारी माणसं तेवढी हायती."

नंतर तुमच्या नावानं ते भामट्यांचे मेल सुरू झाले. कुणी तुम्हाला दंतवैद्यकातले तज्ज्ञ म्हणत होतं, कुणी मानसशास्त्रातले. फी कमी, तपासणी नाही, छपाई लगेच. खऱ्याची फी परवडत नाही आणि खोट्याची परवडते, अशी ही व्यवस्था. ज्यांनी ती उभी केली ते परिषदांमध्ये भाषणं करतात, की विकसनशील देशांतून पुरेसं संशोधन येत नाही.

आणि मग ते प्राध्यापक. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतले. एका व्याख्यानाला सांगलीत आले होते, तुमचा लेख त्यांनी पाहिला, चांगला म्हणाले. "आमच्या विभागाकडं निधी असतो, फी आम्ही भरतो, पहिलं नाव माझं ठेवू." तुम्ही एक दिवस विचार केलात आणि नकार कळवलात.

डॉक्टर, तेव्हा मी तुमच्यावर चिडले. फोनवर, घरच्यांसमोर. "नाव गेलं तर गेलं. काम तर बाहेर येईल? तुमच्या नावासाठी पोरांच्या झडपा थांबून राहणार आहेत का?" तुम्ही ऐकून घेतलंत. मी आणखी बोलले. शेवटी तुम्ही एवढंच म्हणालात, "न्हाई ताई. त्ये जमायचं न्हाई." कारण सांगितलं नाहीत. मला वाटलं, अहंकार. मला वाटलं, शेवटी तुम्हीही इतरांसारखेच. त्यानंतर काही महिने आपण फक्त कामापुरतं बोललो.

फी न घेणारं नियतकालिक मला उशिरा सापडलं. आपल्याच देशातलं, काही निवृत्त डॉक्टर मिळून चालवतात; लिहिणाऱ्याकडून पैसे नाहीत, वाचणाऱ्याकडून नाहीत. वेळ लागतो, कारण सगळे आपापलं काम सांभाळून करतात. लेख पाठवला. परीक्षकांचे प्रश्न आले. तुमचा फोन आला तेव्हा आवाजात जुना उत्साह होता. "ताई, दुसऱ्या परीक्षकाचा एक प्रश्न लय चांगला हाय. तो इचारतोय, फिरतीवरची माणसं फोन उचलतातच कशी? डॉक्टरी सोडून ह्ये आजवर कुणी इचारलं न्हवतं." मग मराठी गोषवाऱ्यावरून पुन्हा खटका उडाला. मी म्हटलं, आधी हे पार पडू दे. तुम्ही म्हणालात, बघू.

ते आपलं शेवटचं बोलणं. माघाचे दिवस होते. कराडजवळ एका वाड्यावर तुम्ही पोरं तपासायला गेला होतात आणि तिथंच कोसळलात. मी योगायोगानं माहेरी होते, म्हणून वहिनींच्या आधी रुग्णालयात पोचले. अतिदक्षता विभागाच्या काचेतून तुम्ही दिसत होता. पायाला माळावरची माती तशीच होती, कुणी पुसली नव्हती. बाहेर तुम्हाला घेऊन आलेला मेंढपाळ बसला होता, मला म्हणाला, "बाई, आमाला सुई देऊन उठलं, आन डोकं धरून बसलं." मला तुम्हाला पुष्कळ सांगायचं होतं. आपलं भांडण मिटलेलं नव्हतं.

शोकसभा आटपाडीत झाली. मंडप भरलेला. ते प्राध्यापकही आले, एवढ्या लांबून आले हे मान्य केलं पाहिजे. छान बोलले. आणि बोलता बोलता, माणूस किती साधा आणि किती हट्टी होता हे सांगण्यासाठी, त्यांनी हसून एक आठवण सांगितली. "मी त्यांना म्हटलं होतं, पत्नीचं नाव काढा, शास्त्रीय लेखात ते बरं दिसत नाही, बाकी सगळं मी बघतो. एवढ्याशा गोष्टीवर अडले."

मी वहिनींकडं पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

सभा संपल्यावर प्राध्यापक त्यांच्याजवळ आले, हात जोडले. म्हणाले, "काही लागलं तर सांगा. आणि डॉक्टरांची ती सगळी माहिती माझ्याकडं पाठवा. त्यांचं काम अपुरं राहायला नको."

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "साहेब, त्ये नाव माझं. का काढायचं व्हतं?"

"तसं नाही वहिनी. संशोधनाचे काही संकेत असतात. पदवी असावी लागते, प्रशिक्षण..."

"फोन मी केलं. कोण कुठं उतरलंय, कुणाची सुई चुकली, समदं मी बघितलं. पदवी नसताना सुया लागल्या न्हवं बरुबर?"

मग वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "माहिती न्हाई मिळायची. आलासा, बरं वाटलं. च्या घिऊन जावा."

घरी गेल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे ठाऊक होतं? त्या म्हणाल्या, "न्हाई. मला म्हणलं, त्या साहेबाचं आन आपलं जमलं न्हाई. एवढंच." आणि मग त्या रडल्या, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर.

मी मात्र तुमच्यावर चिडलेलीच राहिले. मला का सांगितलं नाहीत? एक वाक्य पुरलं असतं. मी त्या माणसाला त्याच्या संस्थेत जाऊन ऐकवलं असतं. तुम्हाला वाटलं असेल, सांगितलं तर वहिनींच्या कानावर जाईल आणि त्याच म्हणतील, काढा माझं नाव, काम होऊ द्या. त्या नक्की तसंच म्हणाल्या असत्या. म्हणून तुम्ही माझ्या शिव्या खाल्ल्यात. हे मला समजतं. समजलं म्हणून राग जात नाही. महिनोन् महिने आपण नीट बोललो नाही, तो काळ मला कोण परत देणार?

राहिलेलं काम आम्ही दोघींनी केलं. तुमच्या घरातल्या मधल्या खोलीत बसून. परीक्षकाच्या त्या चांगल्या प्रश्नाचं उत्तर वहिनींनी दिलं, मी इंग्रजीत लिहिलं. माणसं फोन उचलतात कारण फोनवर आधी मेंढरांची चौकशी होते, मग माणसांची, आणि सुई सगळ्यात शेवटी; आणि सांजच्याला, मेंढरं बसल्यावरच फोन करायचा. वहिनी म्हणाल्या, "ह्येबी लिवायचं?" मी म्हटलं, हेच तर त्यांनी विचारलंय. पत्रव्यवहारासाठी आता वहिनींचं नाव आणि फोन नंबर द्यायचा होता. पदवीचा रकाना रिकामा ठेवला आणि संपादकांना विचारलं, चालेल का. ते गृहस्थ निवृत्त डॉक्टर, घरच्या टेबलावर बसून हे सगळं बिनपगारी करतात. त्यांनी कळवलं, रिकामा चालेल. मराठी गोषवाऱ्याचंही विचारलं, तुमच्या वतीनं. ते म्हणाले, जरूर द्या, आधी कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे आपलं ते भांडण तुम्ही जिंकलात. मला हरायला आवडलं असतं, तुमच्यासमोर.

लेख आता बाहेर आला आहे. कुणीही उघडावा, कुणी काही मागत नाही. पण मला यात विजय दिसत नाही. एका सद्‌गृहस्थाच्या फुकट मेहनतीवर, एका ग्रंथपालाच्या हट्टावर आणि एका बाईच्या हिमतीवर एक लेख बाहेर आला. जे आले नाहीत त्यांचं काय? कुठल्या तरी तालुक्यात आज कुणी डॉक्टर सारांशाशी अडून बसला असेल. ज्यांनी हे असं करून ठेवलंय ते सुखानं नफा मोजताहेत, आणि आम्ही एकमेकांच्या चिकाटीचं कौतुक करतोय. हे मी शोकसभेत बोलणार होते. तिथं बोलले नाही, म्हणून इथं लिहिते.

मात्र एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. परवा मी आटपाडीला गेले होते. आम्ही ओसरीवर बसलो होतो आणि वहिनींचा फोन वाजला. पलीकडं विजापूरकडच्या एका आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण होती, तरुण आवाज, कन्नड वळणाचं मराठी. त्यांच्याकडंही मेंढरं घेऊन फिरणारी माणसं आहेत, अशीच झडपांची मुलं आहेत. तिनं लेख वाचला होता, सगळा. तुमच्याशी बोलायचं होतं तिला.

वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर न्हाईत आता. गेलं."

पलीकडची डॉक्टरीण म्हणाली, "सॉरी अक्का. मग आता कुणाला विचारू मी?"

वहिनींनी पदर खांद्यावर घेतला, फोन दुसऱ्या कानाला लावला.

"लेखावर दुसरं नाव हाय न्हवं, ती मी. इचारा."